‘मला समजलं’ म्हणजे नेमकं कोणाला? पॅरिसमधलं १२७० सालचं भांडण

[टेबलावर कागदाचा त्रिकोण. मागे निळी भिंत.]

नमस्कार. हा कागदाचा त्रिकोण. मोजमाप न करता, हाताला येईल तसा कापलाय. आता याचे तीन कोपरे फाडते. एक, दोन, तीन. आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवते. बघा, सरळ रेघ झाली. १८० अंश.

परवा हे माझ्या भाचीला करून दाखवलं. आठवीत आहे. तिचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता: "मावशी, ह्या त्रिकोणाचं झालं. दुसऱ्याचं कशावरून?" दुसरा कापला, लांबुडका. त्याचंही तेच झालं. तरी तिचं समाधान नाही. मग वहीत त्रिकोण काढला, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ ओढली आणि व्युत्क्रम कोन दाखवले. ती बघत बसली. पेन्सिल चावली. आणि एकदम म्हणाली, "हां! कळलं मला. कुठलाही घेतला तरी हेच होणार."

"कुठलाही घेतला तरी." या तीन शब्दांसाठी आजचा व्हिडिओ आहे.

तिच्या डोळ्यांना दिसले ते कागदाचे दोन त्रिकोण आणि वहीतला एक. ‘कुठलाही त्रिकोण’ कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, तो कुठल्या कागदावर मावत नाही. मग तिला तो कशाने कळला? दुसरं असं की, मला हीच गोष्ट कित्येक वर्षांपूर्वी शाळेत कळली होती. तिला परवा कळली. मग आमच्या दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट आहे का दोन? दोन असतील, तर मला माहीत असलेलंच ती शिकली असं मी कशाच्या बळावर म्हणते? आणि एकच असेल, तर ती आहे कुठे? माझ्यात, तिच्यात का आणखी कुठे?

या प्रश्नावरून तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात असं भांडण पेटलं की बिशपला मध्ये पडावं लागलं. पण त्याआधी आपल्याला बरंच मागे जायचंय. आणि सुरुवातीलाच एक शब्द बदलायचाय.

[पडद्यावर: जीव]

या सगळ्या वादाचं मूळ ॲरिस्टॉटलच्या एका छोट्या पुस्तकात आहे. लॅटिनमध्ये त्याचं नाव ‘दे आनिमा’. मराठीत आपण पटकन म्हणतो, ‘आत्म्याविषयी’. आणि तिथेच घोळ होतो. ‘आत्मा’ म्हटलं की देह टाकून जाणारा, वस्त्र बदलणारा कोणीतरी आपल्या डोळ्यांसमोर येतो. ॲरिस्टॉटलला तो म्हणायचाच नाहीये. त्याच्या शब्दाच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला वाटतो ‘जीव’. कुंडीतलं रोप वाळलेलं दिसतं, आपण देठ नखाने खरवडतो, आत हिरवं दिसतं आणि म्हणतो, "आहे, अजून जीव आहे यात." त्या रोपात कोणी लपून बसलंय असं आपल्याला म्हणायचं नसतं. ते पाणी शोषतं, वाढतं, एवढंच म्हणायचं असतं. ॲरिस्टॉटलचंही तेच. तो म्हणतो, डोळा हा एक प्राणी असता, तर पाहणं हा त्याचा जीव असता. पाहणं गेलं की उरतो तो नावाचाच डोळा, दगडात कोरलेल्या डोळ्यासारखा.

इतकं स्वच्छ. झाडाचा जीव वाढतो, बैलाचा जीव पाहतो, हुंगतो, घाबरतो, आणि माणसाचा जीव याशिवाय समजून घेतो. देह संपला की जीव संपला.

पण पुस्तकाच्या तिसऱ्या भागात बुद्धीची पाळी येते आणि गाडी अडते. डोळ्याच्या बाहुलीला स्वतःचा रंग नसतो म्हणून तिच्यात कुठलाही रंग उतरू शकतो. तुम्ही पिवळा चश्मा घातलात तर सगळं पिवळं. मग बुद्धी तर सगळंच समजून घेऊ शकते. म्हणजे तिच्यात आधीपासून काहीच मिसळलेलं नसणार. शरीराचं कुठलं इंद्रिय ती असू शकत नाही. आणि मग जेमतेम अर्ध्या पानात ॲरिस्टॉटल आणखी एका बुद्धीबद्दल बोलतो, प्रकाशासारख्या. प्रकाश पडल्यावर रंग दिसू लागतात, तशी ही बुद्धी गोष्टी समजण्याजोग्या करते. ती वेगळी आहे, अमिश्र आहे, आणि तीच तेवढी अमर आहे. एवढं सांगून तो पुढच्या विषयाकडे वळतो.

वेगळी म्हणजे कशापासून वेगळी? ती माझ्यात आहे का माझ्या बाहेर? त्याने सांगितलं नाही. त्या अर्ध्या पानावर लोक पुढे दीड हजार वर्षं भांडले. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. काही प्रश्न अर्ध्या पानातच सापडतात आणि सुटायला मात्र तेवढी वर्षं पुरत नाहीत.

[पडद्यावर नकाशा: बुखारा, हमदान]

इब्न सीना. ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळ जन्म, १०३७ मध्ये हमदानला मृत्यू. मोठा वैद्य आणि तत्त्वज्ञ. त्याने एक कल्पना करायला सांगितली. समजा एक माणूस एकदम, पूर्ण वाढलेला असा निर्माण झाला. डोळे झाकलेले. तो पोकळीत तरंगतोय, अंगाला वाऱ्याची झुळूकही जाणवत नाही. हातपाय पसरलेले, एक अवयव दुसऱ्याला लागत नाही. त्याने आजवर काही पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही, स्वतःचं शरीरही त्याला माहीत नाही. ‘मी आहे’ हे त्याला कळेल का?

इब्न सीना म्हणतो, कळेल. हात आहे का, पोट आहे का, हे तो सांगू शकणार नाही, पण ‘मी आहे’ हे ठामपणे म्हणेल. म्हणजे ज्याला तो ‘मी’ म्हणतो ते शरीराहून वेगळं आहे.

हा शेवटचा दुवा मला पटत नाही. मला माझ्या शरीराची जाणीव नाही, एवढ्यावरून मी शरीर नाही असं सिद्ध होत नाही. रात्री झोपेत मला माझं हृदय जाणवत नाही, तरी त्याच्यावाचून माझं चालत नाही. पण त्या तरंगणाऱ्या माणसाला आज हजार वर्षं होत आली आणि तो खाली उतरायला तयार नाही, हेही खरं. इब्न सीनाच्या मते प्रत्येकाचा जीव वेगळा, त्याचा स्वतःचा, आणि तो मरणानंतर उरतो. मात्र समजुतीचा उजेड पाडणारी ती प्रकाशासारखी बुद्धी सगळ्यांसाठी एकच आणि आपल्याबाहेरची.

[पडद्यावर: कोर्दोबा]

स्पेनमधल्या कोर्दोब्याचा इब्न रुश्द एक पाऊल पुढे गेला. त्या एका पावलाने पॅरिस हादरलं.

१९४७ च्या आधीच्या आपल्या वकील घराण्यांमध्ये तीन-तीन पिढ्या कायदा शिकलेली माणसं असायची, तसं त्याचं घर. आजोबाही कोर्दोब्याचे काझी होते. हा स्वतः सेव्हिल आणि कोर्दोबा इथे काझी होता. जन्म ११२६ चा. खलिफाला ॲरिस्टॉटल समजून घ्यायचा होता, पुस्तकं मात्र दुर्बोध. ते काम इब्न रुश्दकडे आलं आणि त्याने आयुष्यभर ते केलं. एकेका ग्रंथावर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य: छोटी टीका, मधली टीका, आणि काही ग्रंथांवर ओळीओळीने जाणारी मोठी टीका. युरोपात पुढे त्याचं नावही घ्यायची गरज उरली नाही. नुसतं ‘टीकाकार’ म्हटलं की तोच.

‘दे आनिमा’वरच्या मोठ्या टीकेत तो आपल्या त्रिकोणापाशी येतो. माझ्या डोक्यात एक समजूत आणि भाचीच्या डोक्यात दुसरी असेल, तर या दोन वस्तू झाल्या, या दोन कागदांसारख्या. मग ‘कुठलाही’ कुठे राहिला? आणि गुरूकडून शिष्याकडे विद्या जाते म्हणजे काय जातं? जे गुरूला कळलंय तेच शिष्याला कळायला हवं, त्यासारखं दुसरं काही नव्हे. यातून तो जिथे पोचतो ते ऐकताना पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता. उजेड पाडणारी बुद्धी तर एक आहेच, पण तो उजेड ज्यात पडतो, जिच्यात समजूत उतरते, ती बुद्धीही एकच आहे. सगळ्या माणसांची मिळून एक. होऊन गेलेल्या, असलेल्या, होणाऱ्या सगळ्यांची.

मग माझं काय? माझ्याकडे मनातली चित्रं आहेत. मी पाहिलेले त्रिकोण, माझ्या आठवणी, माझ्या कल्पना. ती माझ्या शरीरातली, माझीच. ती एक बुद्धी माझ्या चित्रांमधून विचार करते तेव्हा आपण म्हणतो, मला समजलं. माणसं मरतात, त्यांची चित्रं त्यांच्याबरोबर जातात. पण माणूसजात कायम आहे, कुठे ना कुठे कोणीतरी विचार करतंच असतं, त्यामुळे बुद्धीचं काम कधी थांबत नाही.

आता आपल्या भाषेकडे बघा. मी जेवले. मी चालले. मी भांडले. पण मला समजलं. मला आठवलं. मला सुचलं. माझ्या लक्षात आलं. मराठीत समजूत माझ्याकडे येते, मी तिची कर्ती नसते. व्याकरण म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. तरी इब्न रुश्द मराठीत लिहीत असता तर त्याला वाक्यरचना शोधावी लागली नसती, एवढं नक्की. लॅटिनमध्ये मात्र ‘इंटेलिगो’, मी समजते, सरळ कर्तरी. तिथे हे दुखणारच होतं.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल, हे तर अद्वैत. थोडं थांबा. ही एक बुद्धी म्हणजे ईश्वर नव्हे. इब्न रुश्दच्या हिशोबात देहावाचून असणाऱ्या बुद्धींच्या रांगेत ती सगळ्यात शेवटची. जग मिथ्या आहे असंही तो म्हणत नाही. आणि मुख्य म्हणजे, ‘ते तूच आहेस’ हा इथला निरोपच नाही. ते तू नाहीस, तुझी फक्त चित्रं तिच्या उपयोगाला येतात.

[पडद्यावर: पॅरिस, गवताची गल्ली]

ही टीका १२२० च्या दशकात, बहुधा मायकेल स्कॉटच्या हातून, लॅटिनमध्ये आली. पॅरिसमध्ये १२१० आणि १२१५ साली ॲरिस्टॉटलचे निसर्गावरचे ग्रंथ शिकवायला बंदी घातली होती. १२५५ मध्ये तेच ग्रंथ कला शाखेच्या अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. चाळीस वर्षांत एवढा फरक. शिकवण्या चालत त्या एका गल्लीत, विद्यार्थी बसायला गवत अंथरत म्हणून तिचं नाव गवताची गल्ली. तिथे शिकवणारा एक तरुण मास्तर म्हणजे सिजे द ब्राबां. धर्मशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. ॲरिस्टॉटल काय म्हणतो, टीकाकार काय म्हणतो, ते सरळ शिकवायचं हे त्याचं काम. आणि बुद्धी एकच आहे, असं तो शिकवू लागला.

गोष्ट वर्गात राहिली नाही. तेव्हाचा मोठा धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस, त्याच्या जुन्या चरित्रात एक प्रसंग आहे. पॅरिसमधल्या एका शिपायाला कोणी विचारलं, पापक्षालन करायचं नाही का? तो म्हणाला, संत पीटरचा आत्मा तरला असेल तर मीही तरेन, आमची बुद्धी एकच आहे ना! थॉमस एवढा का खवळला ते यातून दिसतं. सगळ्यांचं समजणं एकाच बुद्धीचं असेल, तर तुझं माझं म्हणून काय उरलं? कोणाला शिक्षा करायची आणि कोणाला शाबासकी द्यायची?

थॉमस १२७० मध्ये सिजेच्या मताविरुद्ध एक पुस्तिका लिहितो. इथे मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. तो डॉमिनिकन भिक्षू, धर्मशास्त्राचा मास्तर. हे मत श्रद्धेविरुद्ध आहे एवढं सांगून थांबला असता तरी चाललं असतं. तो म्हणतो, श्रद्धेचे दाखले मी घेणार नाही, तत्त्वज्ञांच्याच युक्तिवादाने आणि वचनांनी दाखवतो. जुने ग्रीक भाष्यकार ‘टीकाकारा’च्या, म्हणजे इब्न रुश्दच्या, बाजूचे नाहीत हे दाखवायला तो नुकतंच लॅटिनमध्ये आलेलं थेमिस्टियसचं भाष्य पुढे करतो. आणि वादाचा सगळा भार तीन शब्दांवर ठेवतो: ‘हिक होमो इंटेलिजिट’. हा माणूस समजतो. हा, इथे बसलेला, एकटा, विशिष्ट माणूस. आधी हे मान्य करा, कारण हे नाकारणाऱ्याशी बोलण्यात अर्थच नाही. त्याचं बोलणं तरी कोणाचं समजायचं?

[कॅमेरा मागच्या भिंतीवर]

आता ही माझ्यामागची भिंत बघा. निळी आहे. इब्न रुश्द म्हणतो, चित्र माझ्यात, समज त्या एका बुद्धीत, आणि चित्राच्या दुव्याने मला समजतं. थॉमस म्हणतो, ठीक, मग डोळ्याचं उदाहरण घेऊ. रंग भिंतीवर आहे. त्या रंगाचं रूप तुमच्या डोळ्यात उतरतंय. दुवा आहेच. पण म्हणून भिंतीला दिसतंय का? भिंत बघत नाही. भिंत बघितली जाते. तसंच, माझ्यातली चित्रं ती बुद्धी वापरत असेल, तर मी समजणारी नाही. मी भिंत आहे. माझ्यातली चित्रं समजली जातात, एवढंच.

मला हा युक्तिवाद या खोलीत बसून सगळ्यात जास्त भिडतो. या क्षणी तुम्ही मला बघताय. माझा चेहरा, हात, फाटके कागद सगळं तुमच्यापर्यंत पोचतंय. दुवा पक्का आहे. पण मला तुम्ही दिसत नाही. माझ्यासमोर एक काच आहे. दिसणं आणि पाहणं यांच्यात जी दरी आहे, ती कितीही चित्रं पाठवून भरत नाही.

मग ‘कुठलाही त्रिकोण’? त्याचं उत्तरही थॉमसकडे आहे. ज्याच्या योगाने समजतं ते दोन आहेत, एक माझ्यात आणि एक भाचीत. जे समजतं ते एक. दोघींचे डोळे चार, भिंत एकच. आणि शिकवणं? दुसरीकडे तो गुरूची तुलना वैद्याशी करतो. वैद्य आरोग्य बाटलीतून ओतत नाही, शरीर बरं होत असतं, तो मदत करतो. हे मला पटतं. मी भाचीत काहीही ओतलं नव्हतं. रेघ मी ओढली, "हां!" तिचा होता.

पुस्तिकेच्या शेवटी थॉमसचा आवाज चढतो. कोणाला याविरुद्ध बोलायचं असेल तर त्याने कोपऱ्यात, ज्यांना या अवघड गोष्टींचा निवाडा करता येत नाही अशा पोरांपुढे बोलू नये. हिंमत असेल तर लिहावं.

सिजेने लिहिलं. १२७३ च्या सुमारास. थॉमस आणि त्याचा गुरू आल्बर्ट यांना तो तत्त्वज्ञानातले अग्रगण्य म्हणतो आणि मग त्यांनी ॲरिस्टॉटलचा अर्थ चुकीचा लावलाय असं म्हणतो. बुद्धी आपल्यात आतून काम करते, भिंत आणि डोळा यांच्यासारखी लांबून नव्हे, असं उत्तर तो मांडतो. आणि पुढे कबूल करतो की बुद्धी एक की अनेक, याबद्दल त्याला बराच काळ शंका आहे, आणि अशा शंकेत माणसाच्या तर्काहून वरच्या श्रद्धेला धरून राहावं. लोक याला पळवाट म्हणतात. मला ती पळवाट वाटत नाही. ज्याने हा प्रश्न रात्रंदिवस उगाळलाय तोच "मला शंका आहे" असं लिहू शकतो.

बिशप एत्येन तांपियेला शंका नव्हती. १० डिसेंबर १२७० ला त्याने १३ विधानं निषिद्ध ठरवली. पहिलं: सगळ्या माणसांची बुद्धी एकच आहे. दुसरं: ‘माणूस समजतो’ हे वाक्य खोटं किंवा अयोग्य आहे. एका वाक्याचा कर्ता कोण, यावर बिशपचा हुकूम! ७ मार्च १२७७ ला यादी २१९ वर गेली. आणि थॉमस वारला होता तो ७ मार्च १२७४ ला. बरोबर तीन वर्षं. त्या २१९ पैकी काही विधानांचे शिंतोडे थॉमसच्या मतांवरही उडाले. पॅरिसच्या बिशपने ते मागे घेतले १३२५ मध्ये, थॉमस संत ठरल्यावर दोन वर्षांनी.

कारण थॉमसचीही बाजू सोपी नव्हती. जीव हे शरीराचं रूप, म्हणजे शरीराला जिवंत शरीर बनवणारं ते, असं तो ॲरिस्टॉटलसारखंच म्हणतो आणि शिवाय तो मरणानंतर उरतो असंही म्हणतो. मग उरतो तो थॉमस का? त्याचं उत्तर, बायबलवरच्या एका भाष्यातलं: ‘आनिमा मेआ नोन एस्त एगो’. माझा जीव म्हणजे मी नव्हे. देहासकट जो आहे तो मी. एका संताने हे लिहावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्या तरंगणाऱ्या माणसाला दिलेलं हे सगळ्यात थेट उत्तर आहे.

सिजेवर १२७६ मध्ये धर्मचौकशीचं समन्स निघालं. काही वर्षांत, १२८४ च्या अखेरीआधी, इटलीत ऑर्व्हिएतो इथे त्याच्याच कारकुनाने त्याला भोसकून मारलं. पुढे कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला स्वर्गात बसवलं, थॉमसच्या शेजारी. आणि त्याची ओळख करून देतो तो स्वतः थॉमस: हा सिजे, गवताच्या गल्लीत शिकवायचा.

इब्न रुश्द तर १२७० च्या आधीच, ११९८ मध्ये माराकेशला वारला होता. त्याआधी ११९५ ला त्याला हद्दपार केलं होतं, त्याची पुस्तकं जाळली होती. मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्याचं शव कोर्दोब्याला न्यायचं ठरलं. तेव्हा तिथे तरुण इब्न अरबी होता, पुढे मोठा सूफी झालेला, त्याने लिहून ठेवलंय. जनावराच्या पाठीवर एका बाजूला शवपेटी बांधली. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला त्याने लिहिलेली पुस्तकं बांधली. सोबतचा एकजण म्हणाला, इकडे इमाम आणि तिकडे त्यांची कामं.

‘दे आनिमा’वरच्या त्या मोठ्या टीकेचं मूळ अरबी पुस्तक आज सलग सापडत नाही, तुकडे तेवढे आहेत. पूर्ण वाचायची तर ती लॅटिनमध्ये वाचावी लागते, परक्या माणसाच्या शब्दांत.